उसनी चाल, नवे शब्द : मराठी संगीत नाटक आणि गाण्याची स्मृती

१

संगीत नाटकाच्या जुन्या छापील प्रतीत पदाच्या माथ्यावर बारीक टायपातली एक ओळ असते. रागाच्या व तालाच्या नावाशेजारी ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे, ज्या गाण्यावर ते पद बेतलेले असेल त्या गाण्याचे आरंभीचे दोन-चार शब्द. ते गाणे कधी ब्रज बोलीतील असते, कधी कानडी, कधी पारशी रंगभूमीवरील उर्दू, तर कधी मराठीच. वाचक ही ओळ ओलांडून थेट पदाकडे वळतो आणि साहित्याचा अभ्यासकही बहुधा तेच करतो. नाटककाराच्या पदांचा ‘काव्य’ म्हणून विचार सुरू झाला की ही ओळ गळते, कारण ती काव्याचा भाग मानली जात नाही.

ती तशी मानली न गेल्यामुळे मराठी नाट्यसमीक्षेचे दुहेरी नुकसान झाले आहे. एक तर पदरचनेविषयीचे काही प्रतिकूल निर्णय अपुऱ्या पुराव्यावर दिले गेले. दुसरे असे की, ज्यांच्या गाण्यांवर ही रंगभूमी उभी राहिली त्यांचे ऋण नोंदवायची एकमेव जागा दुर्लक्षित राहिली. या दोन्ही गोष्टींचा विचार करण्यासाठी संगीत नाटकाकडे ‘आधीच माहीत असलेल्या गाण्याचा नाटकातील उपयोग’ या अंगाने पाहणे उपयुक्त ठरते.

२

पाश्चात्त्य रंगभूमीवर या उपयोगाला अलीकडच्या काळात ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ हे नाव मिळाले आहे. नाणे टाकताच हवी ती तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावरून ते पडले. लंडनमध्ये १९९९ साली रंगभूमीवर आलेले ‘मामा मिया!’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश गायकसमूहाची लोकप्रिय गाणी जशीच्या तशी घेऊन ती सामावतील असे कथानक त्यात रचलेले आहे. येथे गाणे आधी जन्मते आणि नाटक नंतर. प्रेक्षकाच्या मनातील त्या गाण्याची स्मृती हे अशा नाटकाचे भांडवल असते.

गाणे आणि नाटक यांच्या संबंधाचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. चाल आणि शब्द दोन्ही त्या नाटकासाठीच निर्माण झालेले, हा पहिला प्रकार. चाल जुनी पण शब्द नवे, हा दुसरा. चाल आणि शब्द दोन्ही जुने, फक्त कथा नवी, हा तिसरा. ज्यूकबॉक्स म्युझिकल तिसऱ्या प्रकारात मोडते. मराठी संगीत नाटकाचा पहिला अर्धशतकाचा काळ मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत स्मृती काम करते, पण वेगळ्या रीतीने. तिसऱ्यात प्रेक्षकाला गाणे आठवावेच लागते. दुसऱ्यात ते आठवावे की विसरावे, हा प्रश्न खुला राहतो, आणि त्या खुलेपणातच मराठी नाट्यपदाचे वैशिष्ट्य दडलेले आहे.

३

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. पारशी मंडळीचे ‘इंदरसभा’ पाहून त्यांना या रचनेची प्रेरणा मिळाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तथापि किर्लोस्करांनी चालींसाठी केवळ तिकडे पाहिले नाही. साकी, दिंडी, कामदा ही कीर्तन-आख्यानांतून घराघरात रुजलेली वळणे आणि त्यांच्या जन्मप्रांतातील कानडी पदे यांचा त्यांनी मुक्तपणे वापर केला. ‘सौभद्र’ (१८८२) ऐकणाऱ्या प्रेक्षकाला सुभद्रेची कथा जशी नवी नव्हती, तशी त्यातील कित्येक पदांची वळणेही नवी नव्हती. कथा आणि चाल दोन्ही ओळखीच्या असल्यामुळे त्याचे सारे लक्ष शब्दांकडे व गाणाऱ्या नटाकडे लागे. उसनी चाल ही येथे उणीव ठरत नाही. पुराणकथेप्रमाणेच ती नाटककार आणि प्रेक्षक यांच्यातील सामाईक मिळकत ठरते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’पासून (१८९६) हा समतोल बदलला. पारशी-उर्दू रंगभूमीवरील चटकदार चाली त्यांनी मराठीत आणल्या. कीर्तनाच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला त्या परक्या वाटल्या आणि म्हणूनच आकर्षक वाटल्या. येथून पुढे चालीचे मूल्य तिच्या ओळखीत न राहता तिच्या नावीन्यात शोधले जाऊ लागले. उसनवारी कायम राहिली, परंतु ती आता दूरच्या घरून होऊ लागली.

४

या उसनवारीचा सर्वांत समृद्ध टप्पा कोल्हापूरशी निगडित आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ येथे स्थिरावले होते. हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे याच परिसरात घडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’च्या (१९११) चाली टेंबे यांनी दिल्या. नाटककाराहून भिन्न अशा संगीतज्ञावर चालींची जबाबदारी सोपवली जाण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी या गानप्रकारांकडे धाव घेतली. पुढे ‘स्वयंवर’साठी (१९१६) अल्लादियाखाँचे शिष्य भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला.

खाडिलकरांच्या पदांवर समीक्षेने वारंवार ठेवलेला आक्षेप येथे तपासून पाहण्याजोगा आहे. त्यांची पदे क्लिष्ट आहेत, अन्वय ओढाताणीचा आहे, गद्यात तेजस्वी असणारा हा नाटककार पद्यात अडखळतो, असे म्हटले जाते. छापील शब्दांपुरते हे खरे आहे. परंतु बंदिशीचे मूळ शब्द थोडे असतात, स्वर मोकळे असतात, आणि समेवर येणारे अक्षर लांबवता येईल असे असावे लागते. मराठीची वाक्यरचना क्रियापदाने संपते आणि प्रत्ययांनी शब्द लांबतात. ब्रज बोलीतील दोन शब्दांच्या जागी तेवढ्याच मात्रांत नाट्यप्रसंगाचा आशय बसवायचा तर अन्वय मोडणे, समास वापरणे, प्रत्यय गाळणे याखेरीज मार्ग उरत नाही. ज्याला समीक्षेने कवीचे दौर्बल्य मानले, ते पुष्कळ ठिकाणी चालीने घातलेल्या अटीचे फळ आहे. येथे खाडिलकरांना थोर कवी ठरवण्याचा हेतू नाही. मात्र ‘चाल’ची ओळ झाकून दिलेला निकाल हा एका पक्षाचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

याच ओळीचा दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे. बंदिशीची परंपरा घराण्याच्या नावाने सांगितली जाते, त्यामुळे ‘स्वयंवर’च्या संदर्भात भास्करबुवांचे आणि त्यांच्या गुरूंचे नाव आदराने घेतले जाते. ठुमरी, दादरा, कजरी यांचे तसे नाही. हे गानप्रकार ज्या व्यावसायिक गायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले, घडवले आणि १९०२ नंतर ध्वनिमुद्रिकांतून दूरवर पोचवले, त्यांच्यापैकी गौहरजानसारखी एखादी सोडली तर बहुतेकींची नावे मराठी नाट्येतिहासात येत नाहीत. ‘चाल’च्या ओळीत गाण्याचे पहिले शब्द येतात, गाणारीचे नाव सहसा येत नाही. प्रतिष्ठित मध्यमवर्गाने ज्या बैठकीला जाणे निषिद्ध मानले, तिथले गाणे त्याने नाट्यगृहात सहकुटुंब ऐकले. शब्द बदलल्यामुळे हे शक्य झाले. नव्या शब्दांनी चाल पावन करून घेतली आणि तिचा पत्ता पुसला. ही प्रक्रिया केवळ सांगीतिक मानता येणार नाही. तिला सामाजिक अंग आहे आणि तिचा लेखी पुरावा त्या दुर्लक्षित ओळीतच शिल्लक आहे.

५

नव्या शब्दांचे पद एकदा लोकप्रिय झाले की त्याचीही स्मृती तयार होते. मग तेच पद पुढच्या प्रयोगात ‘जुने गाणे’ बनते. वन्समोअरची प्रथा या परिवर्तनाची खूण होय. वन्समोअर मागणारा प्रेक्षक कथेला थांबायला सांगतो आणि पुढे काय घडते यापेक्षा आताच ऐकलेले पुन्हा ऐकणे पसंत करतो.

या दृष्टीने ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग महत्त्वाचा आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. कोल्हापूरचे केशवराव बालवयातच ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने गाजले होते आणि १९०८ साली त्यांनी ललितकलादर्शची स्थापना केली होती. दहा वर्षे रंगभूमीवर असलेल्या या नाटकाच्या कथेत प्रेक्षकांना कुतूहल वाटण्याजोगे काही उरले नव्हते. ते आले ते माहीत असलेली पदे दोन प्रतिस्पर्धी कंठांतून शेजारी-शेजारी ऐकण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात जन्मलेले नाटक त्या रात्री तिसऱ्या प्रकारात गेले, असे म्हणता येईल. संहितेतील एक शब्दही त्यासाठी बदलावा लागला नाही. नाटकाचा प्रकार केवळ संहितेने ठरत नसून प्रेक्षकाच्या स्मृतीनेही ठरतो, हे त्यावरून दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवरावांचे निधन झाले.

पहिल्या प्रकाराचा आग्रह मराठीत ‘आंधळ्यांची शाळा’ने (१९३३) धरला. थोडी पदे, प्रसंगाला अनुसरणाऱ्या स्वतंत्र चाली आणि भावगीताशी जवळीक हा केशवराव भोळे यांच्या संगीताचा विशेष होता. याउलट पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ने (१९७८) स्मृतीचा उपयोग उघड उपहासासाठी केला. या नाटकाची वंशावळ बोलकी आहे. जॉन गे याच्या ‘द बेगर्स ऑपेरा’त (१७२८) ६९ गाणी बहुतांशी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर बेतलेली होती. ब्रेश्टच्या १९२८ सालच्या रूपांतरासाठी कुर्ट वाइलने त्यांपैकी एक चाल ठेवून बाकी संगीत नवे रचले. पु. लं.च्या मराठी अवतारात नाट्यसंगीत, लावणी आणि पॉप यांची वळणे एकमेकांवर आदळतात. हसू येते ते श्रोत्याला प्रत्येक वळणाचे मूळ घर ठाऊक असल्यामुळे. मूळ विसरले तर उपहासच उरत नाही.

६

एकविसाव्या शतकात नाट्यपद प्रामुख्याने तिसऱ्या प्रकारात वावरताना दिसते. ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटात जुनी पदे नायकाच्या चरित्राभोवती गुंफली गेली. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकावरील चित्रपटात (२०१५) जितेंद्र अभिषेकींच्या गाजलेल्या चाली आणि नवी गाणी शेजारी-शेजारी आली. नाट्यगीतांच्या मैफलीत तर कथेची जागा दोन गाण्यांमधील निवेदनाने घेतली आहे. या स्थितीकडे ऱ्हास म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. परंतु गाणे आधी आणि नाटक नंतर हा क्रम मराठीला परका नाही. किर्लोस्करांच्या काळीही चाल आधी होती आणि पद नंतर. फरक आहे तो ऋणाच्या कबुलीत. आजच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मूळ संगीतकाराचे नाव देणे अपेक्षित असते. ज्या रंगभूमीला अभिजात म्हणून गौरवले जाते, तिने मात्र आपल्या धनकोंपैकी अनेकांना निनावी ठेवले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, ते आगीत भस्मसात झाले. त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली, कारण ते कसे होते हे सांगणारी छायाचित्रे, मापे आणि माणसे उपलब्ध होती. ज्या गाण्यांवर नाट्यपदे बेतली गेली त्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत एवढाही आधार नाही. छापील प्रतीतील ते दोन-चार शब्द हाच त्यांचा माग. संगीत नाटकांच्या यापुढील आवृत्त्यांत ती ओळ जशीच्या तशी राखणे, तिच्यातील गाण्याचा आणि शक्य तेथे गायिकेचा शोध घेणे, आणि पदाचे मूल्यमापन त्या शोधानंतर करणे, हे संपादकांचे आणि अभ्यासकांचे पहिले काम ठरावे.