जीपच्या पत्र्यावरचा लेप

१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे सरकारी दौऱ्यातल्या कित्येक जीपा म्हातारपणी काळी-पिवळी झाल्या. त्यांना खालून डांबराचे हात मारायचे. मूळचं ते होड्यांच्या तळाचं औषध! आता मुलं घरीच रोलरने बेडलायनर लावतात. बहुधा पॉलियुरेथेनच तो, वरून खरखरीत. पण डांबर काय, लायनर काय, गंजावरच फासला तर आत पत्रा कुजत राहतो, आणि लायनर नंतर सहजी निघत नाही. तेव्हा नातवंडांनो, आधी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर, मग प्रायमर. तळातली पाणी जायची भोकं बुजवू नका. चॅसीसचा नंबरही झाकू नका, फेरनोंदणीला आरटीओत त्याचाच पेन्सिलीने छाप घेतात.