धिस इज द आर्मी

धिस इज द आर्मी : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी सादर केलेला संगीत-रेव्ह्यू. गीते व संगीत अर्व्हिंग बर्लिन (१८८८–१९८९). रेव्ह्यूला सलग कथानक नसते. गाणी, नाच, नकला, प्रहसने एकामागून एक येतात. छावणीला हे सोयीचेच, कारण एखाद्याची बदली झाली तरी खेळ अडत नाही.

याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. सैन्यात भरती झालेल्या बर्लिन यांनी १९१८ मध्ये लाँग आयलंडवरील कॅम्प अप्टन छावणीत ‘यिप यिप यापहँक’ बसवले. भल्या पहाटे उठवणाऱ्या बिगुलवाल्यावर चिडलेल्या शिपायाचे गाणे त्यातलेच. ‘गॉड ब्लेस अमेरिका’ही त्याच खेळासाठी लिहिले होते, पण ते फार गंभीर वाटल्याने वगळले आणि १९३८ मध्ये केट स्मिथ यांच्या आवाजात देशभर गाजले.

नवा खेळ ४ जुलै १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात आला. दिग्दर्शक एझ्रा स्टोन, रंगमंचावर सुमारे ३०० सैनिक. स्त्रीपार्टही सैनिकांकडेच. बर्लिन स्वतः जुना गणवेश चढवून बिगुलवाल्याचे गाणे म्हणत. आवाज बारीक, पण टाळ्या त्यालाच. उत्पन्न सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठीच्या आर्मी इमर्जन्सी रिलीफ निधीला जाई.

या खेळाचे खरे महत्त्व पडद्यामागे आहे. त्या वेळी अमेरिकी सैन्यात गोरे व काळे सैनिक वेगवेगळ्या तुकड्यांत असत. बर्लिन यांच्या आग्रहामुळे हा खेळ करणारी तुकडी मिश्र झाली. सगळे एकत्र राहत, जेवत, प्रवास करत. तोंडाला काळा रंग फासून करायचा प्रारंभीचा प्रवेश स्टोन यांच्या विरोधामुळे गळला. तरी काळ्या सैनिकांच्या वाट्याला हार्लेम या न्यूयॉर्कमधील काळ्यांच्या वस्तीवरचे वेगळे गाणे आलेच. एका छपराखाली राहणाऱ्यांना रंगमंचावर मात्र वेगळे उभे केले गेले, हा खेळाचा मोठा दोष.

१९४३ मध्ये मायकेल कर्टिझ यांनी यावर चित्रपट केला. त्यात रोनाल्ड रेगन होते. संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात खेळ लंडनला गेला. तेथे तो पाहून जनरल आयझेनहॉवर यांनी तो आघाड्यांवरही दाखवावा असे सुचवले. इटली, इजिप्त व पॅसिफिक बेटे करत ऑक्टोबर १९४५ मध्ये हवाईतील माउई बेटावर शेवटचा प्रयोग झाला.

चित्रपटातली प्रेमकथा नंतर जोडलेली आणि बेताची आहे. मूळ खेळाचा अंदाज घ्यायचा असेल तर चित्रपटातले रंगमंचावरचे प्रवेशच पाहावेत.