मोटारीची तहान

खोपोली मागे पडली की मुंबई-पुण्याचा जुना रस्ता बोरघाट चढू लागतो. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, हा घाट चाकाच्या गाड्यांना खुला झाला. त्या काळी या चढणीवर धापा टाकीत ते बैल आणि घोडे. पुढे मोटारी आल्या आणि धापा टाकण्याचे काम त्यांच्याकडे गेले. वैशाखातली दुपार, रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी, उघडलेले बॉनेट, आतून भसाभस निघणारी पांढरी वाफ आणि हातात डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला क्लीनर, हे दृश्य एका संबंध पिढीला घाटातल्या दऱ्याखोऱ्यांइतकेच ओळखीचे होते. त्याला लोक साध्या शब्दांत म्हणत, ‘गाडी तापली.’

गाडी तापते याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल आहे ते ती एरवी तापत नाही याचे. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचे तपमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जाते. एवढ्या उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाके फिरविण्याच्या कामी येतो. तितकाच किंवा त्याहून अधिक भाग धुरावाटे निघून जातो. उरलेला यंत्राच्या अंगात मुरतो आणि तो बाहेर काढला नाही तर तेल जळते, दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरून बसतो आणि यंत्र कायमचे निकामी होते. म्हणजे मोटारीचा इतिहास जितका वेगाचा आहे, तितकाच नको असलेल्या उष्णतेची वाट लावण्याचाही आहे.

या इतिहासाचे पहिले प्रकरण एका स्त्रीच्या प्रवासाने सुरू होते. जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी नोंदविले. यंत्र चालत होते, पण गिऱ्हाईक मिळत नव्हते. घोड्यावाचून चालणाऱ्या या गाडीकडे लोक कुतूहलाने पाहत, पण विश्वासाने कोणी पाहत नसे. बेंझ यांच्या पत्नी बेर्टा यांनी लग्नापूर्वीच आपल्या हुंड्याचा पैसा या कारखान्यात घातला होता. गाडी विकली गेली नसती तर संसार आणि कारखाना दोन्ही एकदमच बुडाले असते. ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, पतीला न सांगता, ऑयगेन आणि रिशार्ड या पंधरा व तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून माहेरच्या वाटेला लागल्या. माहेर होते फोर्झहाइमला, शंभरांवर किलोमीटर दूर. तोवर कोणत्याही मोटारीने एवढा पल्ला गाठलेला नव्हता.

बेंझ यांच्या त्या यंत्रात पाणी थंड करण्याची सोयच नव्हती. सिलिंडरभोवती पाणी खेळे, ते उकळे आणि वाफ होऊन हवेत निघून जाई. पाणी उकळणे हा त्या गाडीतला बिघाड नव्हता, ती मूळ योजनाच होती. वाफ होताना पाणी पुष्कळ उष्णता घेऊन जाते, या नियमावर ती योजना उभी होती. माठातले पाणी गार होते तेही याच नियमाने. मात्र त्याची किंमत वाटेत मोजावी लागे. थोड्याथोड्या अंतरावर थांबायचे, खाणावळीतून, ओढ्यातून, मिळेल तेथून पाणी आणायचे आणि टाकी भरायची, असा तो प्रवास झाला. वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले गेले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी फोर्झहाइमहून कार्ल बेंझ यांना तार गेली, की सुखरूप पोचलो. परत आल्यावर बेर्टाबाईंनी चढासाठी आणखी एका गिअरची गरज सांगितली, आणि तशी सुधारणा झालीही. पण त्या प्रवासात आणखी एक गोष्ट उघड झाली होती. ज्या गाडीला दर काही कोसांवर पाणी पाजावे लागते, ती घोड्याची तहान चुकविते असे म्हणता येत नाही.

ही तहान भागविण्याचा मार्ग काढला विल्हेल्म मायबाख यांनी. गोटलीब डाइमलर यांचे ते सहकारी. तेच पाणी पुन्हापुन्हा वापरायचे असेल तर ते वाटेत निववून घेतले पाहिजे, आणि निववायचे असेल तर त्याचा हवेशी जितका अधिक स्पर्श होईल तितका बरा. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे घरोघरी ठाऊक आहे. मायबाख यांनी हीच गोष्ट धातूत उतरविली. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सेडीस गाडीत त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी वाहे. मागे पंखा होता, त्यामुळे गाडी सावकाश चालत असली तरी वारा मिळे. पाणीही पूर्वीच्या निम्मेच, म्हणजे सुमारे नऊ लिटर, पुरू लागले. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत या गाडीने बाजी मारली, आणि त्यांत ला त्युर्बीच्या चढाची शर्यतही होती. गाडीची खरी परीक्षा चढावरच होते.

यानंतर काही काळ साधेपणाची बाजू वरचढ ठरली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मॉडेलमध्ये, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून जड होई आणि खाली उतरे. या रचनेत मोडण्यासारखे काही नव्हते, पण तिला घाईही सोसत नव्हती. लांब चढ लागला की पाणी उकळलेच. म्हणून १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झाकणावर बसणारा तपमापक निघाला. गाडीच्या नाकावरचा तो पारा पाहत चालक चढ चढे. पुढे हा काटा आत, चालकासमोर आला. यंत्राचे दुखणे वाफ होऊन बाहेर पडण्याआधीच चालकाला कळू लागले.

यापुढची सुधारणा मात्र वरवर अगदी साधी दिसते. ती रेडिएटरच्या झाकणात आहे. पाणी शंभर अंशांवर उकळते हे खरे, पण समुद्रसपाटीला, मोकळ्या भांड्यात. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरला ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांना आणि लेहला अठ्ठ्याऐंशीच्या आसपास उकळते. म्हणजे जेथे चढ अधिक तेथेच पाणी लवकर हार खाते. याचा उलटा उपाय १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखविला होता. घट्ट झाकणाच्या भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. घरोघरीचा प्रेशर कुकर तो हाच. त्याच पापँने १६९० मध्ये वाफेने सरकणाऱ्या दट्ट्याचीही कल्पना मांडली होती. मोटारीचा दट्ट्या आणि मोटारीचे झाकण, दोन्हींचा पूर्वज एकच निघावा हा इतिहासातला एक गमतीदार योग होय. झडप असलेले असे झाकण रेडिएटरवर आले आणि एका वातावरणाएवढा जादा दाब धरून पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत न उकळता राहू लागले.

परंतु या उपकारातच धोका दडलेला आहे. पूर्वीच्या गाडीत पाणी उकळले की वाफ जाई आणि चालक पाणी ओती. दाबाखालच्या गाडीत तीच सवय घातक ठरते. झाकण फिरविताच दाब एकदम उतरतो. शंभर अंशांच्या वर असलेले पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उसळते आणि झाकण धरलेला हात व वर वाकलेला चेहरा भाजून काढते. बाहेर वाफ दिसत नाही म्हणून आत शांतता आहे, असे मानणे ही पहिली चूक. तापलेल्या यंत्रात घाईघाईने थंड पाणी ओतणे ही दुसरी, कारण एकाएकी आकसलेल्या धातूला तडा जातो. काटा चढत असताना ‘माथा जवळच आहे’ म्हणून गाडी दामटणे ही तिसरी, आणि बहुधा सर्वांत महागात पडणारी. वाचविलेली दहा मिनिटे संपूर्ण यंत्राच्या किमतीला पडतात.

जाणत्या चालकाची रीत वेगळी असते. काटा वर सरकू लागताच तो वातानुकूलन बंद करतो. गाडीत ऊब देणारा हीटर असेल तर तो उन्हाळ्यातही पूर्ण सुरू करतो, कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. यंत्राची काही उष्णता त्यावाटे बाहेर पडते, मग प्रवाशांना घाम फुटला तरी बेहत्तर. तेवढ्याने भागले नाही तर तो सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घेतो, यंत्र बंद करतो आणि निदान अर्धा तास थांबतो. या अवधीत तो लक्षणे आठवतो. जुन्या गाड्यांत पंखा, पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारा डायनामो एकाच पट्ट्यावर फिरत. म्हणून तपमानाचा काटा चढला आणि त्याच वेळी विजेचा तांबडा दिवा लागला, तर पट्टा तुटला हे बॉनेट न उघडताही समजे. भारतात डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालू लागला. तेव्हा मोकळ्या रस्त्यावर थंड राहणारी गाडी वाहतुकीच्या कोंडीत तापली, की संशय आधी पंख्यावर जाऊ लागला. यंत्र पुरते निवले की जाड फडके घेऊन, तोंड दूर ठेवून, झाकण हळूहळू सैल करायचे, आणि पाणी थोडेथोडे घालायचे.

आज बोरघाटाला द्रुतगती मार्गाची जोड मिळाली आहे, आणि विजेवरच्या मोटारींतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव खेळविला जातो. यंत्र बदलले तरी उष्णतेचे देणे चुकलेले नाही. त्या घाटात शिंगरोबाचे एक लहानसे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका आहे, आणि जाणारे-येणारे चालक तेथे नाणे वाहतात. चढ चढताना क्षणभर थांबण्याची ती रीत श्रद्धेतून आली असेल, पण यंत्रशास्त्रालाही ती मान्य व्हावी. ज्या बाईने पहिल्यांदा मोटार दूरवर नेली, तीही वाटेत पुन्हापुन्हा थांबली होती, आणि थांबली म्हणूनच पोचली.