वडगाव मावळ : इष्टूर फाकड्याचे स्मारक

पुण्याजवळच्या वडगाव मावळात १७७९ च्या लढाईची दोन स्मारके आहेत. एक विजयस्तंभ, महादजी शिंद्यांच्या पुतळ्यासह. दुसरे पोलीस ठाण्याच्या आवारात, आणि ते चक्क शत्रूच्या अधिकाऱ्याचे! ग्वाल्हेरकरांनी पहिले बघून परत फिरू नये.

हा अधिकारी म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. रघुनाथरावांना पुण्यात गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रजी फौज बोरघाट चढून आली, त्यात तो होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तो मारला गेला. त्याची धडाडी बघून मराठ्यांनीच त्याला ‘फाकडा’ म्हटले. स्टुअर्टचे झाले ‘इष्टूर’. हेच बिरूद मानाजी शिंद्यांनाही होते, त्यावरून त्याचे वजन समजा.

पायी जायचे तर जुना मुंबई-पुणे रस्ता धरा : कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव. फौज तळेगावापर्यंत पोचली, पण गाव आधीच जाळलेले, रसद तुटलेली. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. कोंडणाऱ्यांत महादजींबरोबर तुकोजी होळकरही होते, हे इंदूरकरांसाठी. १६ जानेवारीला तह झाला.

दोन्ही स्मारके सरदार-अधिकाऱ्यांच्या नावाची, हे मात्र खटकते. रसद तोडणारे मराठी स्वार आणि इंग्रजांच्या पलटणीतले देशी शिपाई, दोघेही याच वाटेवर पडले.

फाकड्याचे स्मारक बघायचे तर आधी ठाण्यात विचारून घ्यावे.