टाटांचा ठराव आणि छागलांचा इशारा

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. मग यवतमाळपासून पुसदपर्यंत डोळ्यांना दिसणारा खर्च कोणाच्या वहीत जातो?

उत्तरासाठी १९५७ सालच्या मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आल्याने ते तेव्हा आपलेही उच्च न्यायालय होते.

राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती हवी होती. प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने न्यायालयाने दुरुस्ती अडवली नाही. मात्र निकाल संपवताना छागलांनी संसदेला बजावले की, कंपन्यांचा पैसा पक्षांकडे असा वाहू लागला, तर तो एक दिवस लोकशाहीचाच गळा घोटील. परवानगी देणाऱ्याच लेखणीने असा इशारा द्यावा, हे मला या निकालाचे मोठेपण वाटते.

संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली: २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. ‘अधिक’ या शब्दामुळे मोठ्या कंपन्यांना फारशी अडचण झाली नाही. १९६९ मध्ये तर कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. पैसा थांबला का? पक्षांच्या स्मरणिका जाडजूड झाल्या. त्यांतल्या पानभर जाहिराती वाचकांसाठी नव्हत्या, हे सांगायला नकोच. उरलेला पैसा रोखीने फिरू लागला. बंदी १९८५ मध्ये उठली आणि ५ टक्क्यांची मर्यादा परत आली. २०१३ च्या कायद्याने ती साडेसात टक्के केली.

दरम्यान १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. पुढे तरतुदीचे शब्द बदलले, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. सुरुवातीच्या प्रश्नातली ती वही बव्हंशी इथे सापडते.

२०१७ मध्ये कंपन्यांवरील टक्केवारीची मर्यादाच काढली गेली आणि त्याच वर्षी निवडणूक रोख्यांची तरतूद झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. छागलांच्या इशाऱ्याला तोवर सहासष्ट वर्षे उलटून गेली होती.

यवतमाळकरांनी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ७६ मात्र आवर्जून वाचावे. निवडणूक खर्चाचे प्रकरण केवळ लोकसभा आणि विधानसभेला लागू आहे, असे ते सांगते. विधान परिषदेच्या यवतमाळ स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मतदार असतात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. म्हणजे मोजकीच माणसे, आणि खर्चाला कायद्याची मर्यादा नाही. जानेवारी २०२० मधील तिथली पोटनिवडणूकही याच नियमाखाली पार पडली.