पाद्र्याचा पतंग आणि पहिल्या दिवसाची तलंग

अंड्यातून नुकतंच फुटलेलं पिल्लू पुढे तलंग होणार की कोंबडा, हे पहिल्याच दिवशी ओळखण्याची गोष्ट बहुतेक जण जपानपासून सुरू करतात. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२०च्या दशकात पिल्लाच्या गुदद्वारातली बारीकशी खूण हेरली आणि ती ओळखण्यात तरबेज झालेले जपानी कारागीर पुढे कॅनडा-अमेरिकेपर्यंत पोचले. पण ही झाली बोटांच्या कसबाची गोष्ट. दुसरी तऱ्हा याहून नवलाची आहे. तिच्यात आई-बापाची जोडी अशी जुळवायची, की पिल्लांनी स्वतःच्या रंगानंच आपण कोण ते सांगावं. या तऱ्हेचं मूळ मला कोंबडीच्या खुराड्यात सापडत नाही. ते एका पतंगात आहे, असं माझं ठाम मत आहे.

हा पतंग म्हणजे इंग्लंडमधल्या गूजबेरीच्या झुडपांवर वाढणारा मॅगपाय. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके आणि पिवळसर पट्टे. त्याचा एक फिकट प्रकार क्वचित मिळे आणि सापडला की तो जवळपास हमखास मादीच निघे. रेनॉर नावाच्या पाद्र्याला हे पतंग पाळायचा नाद होता. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ लिओनार्ड डॉनकास्टर यांनी त्याच्याबरोबर संकरांचा हिशेब मांडला आणि दोघांनी १९०६ साली तो छापला. फिकट मादी आणि गडद नर यांची पिल्लं सगळी गडद झाली. त्यांतल्या नराची गाठ पुन्हा फिकट मादीशी घातली, तेव्हा फिकट नर मिळाले. मग असा फिकट नर आणि साधी गडद मादी एकत्र आणली, तर मुलगे सगळे गडद, मुली सगळ्या फिकट! मुलग्यांनी आईचा रंग उचलला, मुलींनी बापाचा.

आता कोंबड्यांकडे या. तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पांढरी लाइट ससेक्स कोंबडी. पिल्लं फुटली की नर फिकट पिवळे, माद्या तांबूस. किंवा काळा कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी. इथे सगळी पिल्लं काळीच, पण नरांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका, माद्यांच्या डोक्यावर नाही. पतंगाचाच कित्ता, ओळीनं ओळ.

याला पहिला आक्षेप येतो तो माशीवाल्यांकडून. लिंगाशी जोडलेल्या गुणांचा शोध म्हटला की १९१०मधली टी. एच. मॉर्गन यांची पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी आठवते, पाठ्यपुस्तकं तिथूनच सुरू होतात. पण माशीत लिंग ठरतं ते नराकडून. पक्ष्यांत आणि पतंगांत ते मादीकडून. कोंबड्यात एकाच जातीची दोन लिंगगुणसूत्रं असतात. कोंबडीत त्यांपैकी एकच, ते तिला बापाकडून मिळतं आणि ती ते फक्त मुलग्यांना देते. म्हणून प्रभावी रंग आईकडे हवा आणि झाकला जाणारा बापाकडे. माशीचा धडा जसाच्या तसा गिरवणाऱ्यानं जोडी उलटी लावली असती आणि पिल्लांत रंगाचा काही पत्ता लागला नसता.

दुसरा दावा अमेरिकेचा. कृषिशास्त्रज्ञ स्पिलमन यांनी १९०८मध्येच प्लिमथ रॉकचे पट्टे लिंगाशी जोडलेले असल्याचं दाखवलं होतं. मान्य. पण पतंगाचा निबंध त्याआधी दोन वर्षं छापलेला होता. तिसरं, कोणी म्हणेल की कोंबड्या पाळणाऱ्या शौकिनांच्या हे आधीच लक्षात आलं असेल. असेलही, पण एखादी जोडी लक्षात राहणं वेगळं आणि कोणतीही नवी जोडी आधी सांगता येणं वेगळं.

सांगता आलं ते केंब्रिजला. शाळेत ‘पनेट चौकोन’ भरलेल्यांना रेजिनल्ड पनेट नावानं तरी माहीत आहेत. १९११मध्ये त्यांनी आनुवंशिकतेचे अभ्यासक बेटसन यांच्याबरोबर सिल्की कोंबडीच्या काळ्या कातडीचा अभ्यास छापला, त्यातही नर-मादी उलटसुलट जुळवल्या की निकाल बदलत होता. डॉनकास्टर त्याच विद्यापीठात, त्याच बेटसन यांच्या गोटात. पनेट यांनी कोंबडी हाती घेतली तेव्हा पतंगाचा तक्ता त्यांच्या डोक्यात होता, याबद्दल मला शंका नाही. गंमत अशी की बेटसन यांचा गुणसूत्रांवर तेव्हा विश्वास नव्हता. पाककृती बिनचूक, चुलीबद्दलचं मत चुकीचं!

पहिल्या महायुद्धात इंग्लंडला धान्याची ददात पडली. अंडी न देणाऱ्या कोंबड्यांना दाणा का घालायचा? पनेट यांनी सरकारच्या अन्नोत्पादन खात्याला रंगावरून नर वेगळे काढण्याची युक्ती सुचवली. तिच्यात एकच खोट होती. ती एकाच पिढीपुरती चाले. दर खेपेला दोन शुद्ध जाती नव्यानं लागत.

ती खोट पनेट आणि मायकेल पीझ यांनी भरून काढली. प्लिमथ रॉकचे पट्टे त्यांनी सोनेरी कँपाइन जातीत उतरवले आणि १९२०च्या दशकाअखेर ‘कॅम्बार’ ही जात उभी केली. पट्ट्यांचा गुण कोंबड्यात दुहेरी, कोंबडीत एकेरी. तपकिरी लव असलेल्या पिल्लांत हा फरक जन्मतःच उमटतो. मादीच्या पाठीवरच्या रेघा ठसठशीत, नराच्या पुसट आणि फिकट. आता जातीतल्या जातीत पैदास केली तरी पिढ्यान्‌पिढ्या ओळख टिकते. लेगबार वगैरे जाती याच वाटेनं आल्या.

आज पोल्ट्रीवाला लेअरची पिल्लं मागवतो तेव्हा त्याला फक्त माद्या हव्या असतात. अनेक व्यापारी वाणांत त्या पंखांवरून निवडतात. पिसं लवकर फुटणारा बाप आणि उशिरा फुटणारी आई जुळवली, की मुलींची पिसं पहिल्याच दिवशी लांब दिसतात. रंगाऐवजी पिसं आली, एवढाच बदल. झाकला जाणारा गुण बापाकडे, झाकणारा आईकडे, हा नियम मात्र १९०६च्या पतंगाचाच आहे. त्यामुळे कुळाच्या पहिल्या पानावर मी पाद्री रेनॉर यांचं नाव लिहितो. जपानी बोटांचा मान त्यानंतरचा.