मॅगझिन कधी बदलायचं? : एका निर्णयाचा इतिहास

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं पिस्तुलावर का बोलावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण आम्हाला पिस्तुलापेक्षा त्यातल्या एका निर्णयाचं कुतूहल आहे. गोळ्या संपण्याआधीच मॅगझिन बदलायचं, आणि ते नेमकं कुठे, हे नेमबाज आधी ठरवतो. हे ठरवणं या खेळात आलं कधी आणि कशामुळे?

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आठवते. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात तिनं सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या फैरी असतात. भरण्याची आज्ञा मिळाली की भरायचं, पाच झाडायच्या, थांबायचं. मॅगझिन केव्हा बदलू, हा प्रश्नच तिथे येत नाही. तो प्रश्न 'प्रॅक्टिकल' नेमबाजीचा, आणि तिचा उगम अमेरिकेतला.

1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक इथे जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्यानं वेगानं पिस्तूल काढून झाडण्याच्या स्पर्धा सुरू केल्या. जॅक वीव्हर हा पोलीस अधिकारी तिथे दोन्ही हातांनी पिस्तूल धरून जिंकू लागला, आणि एका हाताची जुनी ऐट मागे पडली. पुढे मे 1976 मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी परिषद भरली, तीत आय.पी.एस.सी. ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. ब्रीदवाक्य लॅटिन : अचूकता, ताकद, वेग.

कूपरांचा 'एल प्रेसिडेंते' नावाचा एक सराव बघा. तीन लक्ष्यं, नेमबाज त्यांच्याकडे पाठ करून उभा. वळायचं, प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा दोन-दोन. एकूण 12 गोळ्या आणि दहा सेकंदांचं उद्दिष्ट. इथे बदल आहे, पण तो कुठे करायचा हे नियमानंच सांगितलेलं. म्हणजे परीक्षा हाताची. डोक्याला काम नाही.

या काळाच्या पाठीमागे रक्त आहे, ते विसरू नये. एप्रिल 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथे एका चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार तरुण मारले गेले. त्यांतला एक जण रिव्हॉल्व्हरमध्ये सुट्या गोळ्या एकेक करून भरत असतानाच गेला. भरायला लागणारा वेळ हा तिथे मरणाचा वेळ होता.

खेळानं मात्र वेगळी वाट धरली. आय.पी.एस.सी.चं तत्त्व असं की, नेमबाजानं कोडं आपल्या रीतीनं सोडवावं. लांब स्टेजला 32 पर्यंत गोळ्या लागतात, पण एका जागेवरून नऊपेक्षा जास्त मागायच्या नाहीत. म्हणजे धावावं लागणार. गुणांना वेळेनं भागायचं. समजा भागाकार सहा येतोय, तर एका सेकंदाची किंमत सहा गुण. आणि अगदी मधोमध लागलेल्या गोळीचे गुण पाचच! उभ्यानं मॅगझिन बदलण्यात सेकंद-दीड सेकंद गेला तर काय झालं, हे सांगायला नको.

आता हिशेब करू. मॅगझिनमध्ये दहा आणि चेंबरमध्ये एक, अशा अकरा गोळ्या. तीन जागा, प्रत्येक जागी आठ. पहिली जागा संपली तेव्हा तीन उरल्या. काटकसरी माणूस त्या तीन दुसऱ्या जागेवर वापरतो, स्लाइड मागे अडकते, आणि तो तिथे उभ्यानं मॅगझिन बदलतो. मग पुढच्या दहांतल्या पाच इथे, पाच तिसऱ्या जागी, आणि पुन्हा रिकामा! जाणता माणूस पहिली जागा सोडतानाच दोन जिवंत गोळ्यांसकट मॅगझिन खाली टाकतो, पळता पळता नवं बसवतो आणि दुसऱ्या जागी अकरा गोळ्या घेऊन पोचतो. तिसऱ्या जागेआधी पुन्हा तसंच. गंमत बघा, दोघांनीही मॅगझिन दोनदाच बदललं. एकानं वेळ उभ्यानं घालवला, दुसऱ्याचा बदल पावलांत विरघळला. पानात काही टाकू नये या संस्कारात वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला जड जातं.

शिवाय उरलेल्या त्या तीन गोळ्या निव्वळ वाया जात नाहीत. पोलादी लक्ष्य पडेपर्यंत मारावं लागतं. माझी एखादी चुकेल, हे धरूनच योजना करायची. म्हणून स्टेज सुरू होण्याआधी नेमबाज मोकळ्या हातांनी तिथून चालतात, ओठांत गोळ्या मोजतात. ॲरिस्टॉटल म्हणतो की विचारविनिमय साध्याचा नसतो, साधनांचा असतो. त्याला हे दृश्य आवडलं असतं.

या विचाराला कायद्यानंही धार लावली. 1994 च्या अमेरिकी कायद्यानं नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बंद केली. तो 2004 मध्ये संपला, पण दहाची मर्यादा काही स्पर्धाविभागांत पुढेही बरीच वर्षं टिकली. आमचं मत विचाराल तर, मोठी मॅगझिनं आली तिथे हा विचार थोडा आळसावला.

कूपरांना मात्र हे सगळंच खटकू लागलं. खऱ्या चकमकीत आधी चालून बघायला कोण देतं? 1996 मध्ये बिल विल्सन वगैरेंनी आय.डी.पी.ए. ही वेगळी संघटना काढली, ती याच तक्रारीतून. तिथे आडोशाचं महत्त्व, आणि उरलेल्या गोळ्यांसकट मॅगझिन टाकून देण्याला मनाई. मग खेळाडूंनी शक्कल काढली : लक्ष्यावर एखादी जादा गोळी झाडायची, म्हणजे मॅगझिन सोयीच्या जागी रिकामं होतं! त्यावर नियम आला की, केवळ सोयीसाठी गोळी झाडली तर दंड.

आता पंचाची अडचण लक्षात घ्या. गोळी दिसते, हेतू दिसत नाही. पहिली नीट लागली नाही असं वाटलं म्हणून दुसरी झाडली, असं खेळाडू म्हणाला तर? कृती तीच, हेतू दोन. आणि दंड हेतूला. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं ज्यावर वाद घातला, तो प्रश्न इथे शिट्टी वाजायच्या आत सोडवायचा. कूपरांचं दुखणं खोटं नव्हतं, न्यूहॉल डोळ्यांपुढे असलेल्या पिढीचं ते दुखणं. पण खेळ खेळायचा आणि योजना आखली म्हणून माणसाला दोषी धरायचं, हे आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा दोन गोळ्या उघडपणे जमिनीवर टाकणारा बरा.